पुढच्यांना पाऊण, मागच्यांना पूर्ण

९ जानेवारी

आज धाकट्या जाऊबाईंनी ड्रोनची चौकट आणून माझ्या टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे मिरवली.

"वहिनी, बघा."

बघितली. पुढचे दोन हात लांब आणि फाकलेले, मागचे दोन आखूड, अंग चोरून बसलेले. मध्ये नाकाच्या जागी हातभर लांब चोच. खेकड्याने बगळ्याशी संसार थाटला तर जे पोर होईल, ते.

"वाकडी आहे," मी म्हटलं.

"वाकडी नाही, असमान आहे. चोचीला जागा हवी ना पुढे. आणि चोचीचं वजन तोलायला बॅटऱ्या मागे घेतल्यात."

ही बाई रुग्णालयाच्या कार्यशाळेत कृत्रिम पाय बनवायची. लाकडाचे नव्हे, कार्बनच्या कापडाचे, साच्यावर थर देऊन. कार्यशाळा बंद पडली, ही घरी बसली. मी बावीस वर्षं प्रशिक्षण केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. तो विभागही बंद पडला, मीही घरी बसले. भावजी, म्हणजे हिचा नवरा, जहाजावर असतात, सहा महिने तोंड दिसत नाही. राहता राहिले आमचे हे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. ह्यांनी आम्हाला म्यान म्हणून घराची खालची खोली दिली आणि म्हणाले, "दोघी मिळून ड्रोन करा."

काम तसं मोठं आहे. वीजवाहिन्या ओढणाऱ्या टोळीला नदीच्या या काठच्या मनोऱ्यावरून त्या काठच्या मनोऱ्यावर पहिली बारीक दोरी न्यायला दोन दिवस जातात, नाव, गळ, आरडाओरडा. आमच्या ड्रोनने ती दहा मिनिटांत न्यायची. मनोऱ्यावरच्या फळीवर उभा असलेला माणूस चोचीच्या टोकावरून दोरी काढून घेणार. मग त्या दोरीला जाड दोर, जाड दोराला तार. टोळीचा मुकादम म्हणाला, "यंत्र माझ्या माणसाच्या तोंडासमोर येऊन थांबणार आहे, बाई. तेवढं ध्यानात ठेवा."

जणू मी ध्यानात न ठेवण्यासाठीच जन्मले.

१२ जानेवारी

कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा मेंदू, बसवला. सोल्डरिंग माझं, त्यामुळे बघण्यासारखं झालं. जाऊबाई म्हणाल्या, "किती सुंदर." मोत्यांची पारख कुणी करावी!

आता मिक्सर. आमच्या ह्यांना मिक्सर म्हटलं की स्वयंपाकघरातला आठवतो. "त्यात काय दळणार?" म्हणे. असल्या विनोदावर तीस वर्षं हसत आले, आता गालच दुखतात.

मिक्सर म्हणजे ड्रोनच्या मेंदूतला एक तक्ता. चार मोटरींच्या चार ओळी, आणि प्रत्येकीसमोर चार रकाने: थ्रॉटल म्हणजे सगळ्यांनी मिळून उचलायचं, रोल म्हणजे डावी-उजवीकडे कलायचं, पिच म्हणजे नाक वर-खाली करायचं, यॉ म्हणजे जागच्या जागी वळायचं. हुकूम एक सुटतो, 'नाक खाली'. कुठल्या मोटरीने त्यात किती वाटा उचलायचा, ते तक्ता सांगतो. एवढं मला समजलं. पुढे, चौकट ठरीव आकाराची नसेल तर ते आकडे स्वतः कसे काढायचे, याचं एक पान आहे. ते मी तीनदा वाचलं. तीनदाही पानाच्या शेवटी मी तिथेच होते जिथे सुरुवातीला होते.

इथे लिहायला हरकत नाही, इथे विद्यार्थी नाहीत. मला ते कळलं नाही.

पण तयार तक्ते मिळतात. यादीतून 'चार मोटरी, फुलीचा आकार' हा निवडला. जगातले निम्मे ड्रोन यावर उडतात. जाऊने विचारलं, "मिक्सर झाला?" म्हटलं, "झाला." झालाच की.

१४ जानेवारी

जाऊबाई एक कागद घेऊन आल्या. चौकट एका गजावर तोलून तिने तोलाचा बिंदू काढला म्हणे. तिथून पुढच्या मोटरी छत्तीस सेंटीमीटर, मागच्या सत्तावीस.

"हे आकडे तुमच्या तक्त्यात कुठे भरतात, वहिनी?"

"भरत नाहीत."

"म्हणजे? हात लहान-मोठे असतील तर जोर सारखा कसा चालेल? पाय बनवताना आम्ही आधी..."

"हा पाय नाही," मी म्हटलं. "याच्यात जायरो आहे. कललं की स्वतःच सावरतं. सेकंदात हजारो वेळा हिशेब करतं. तुझ्या त्या पायांना करता येत होता?"

कागद टेबलावर ठेवून गेली. मी त्यावर सोल्डरची पितळी डबी ठेवली. कुठेतरी बूड टेकायला जागा हवीच होती डबीला.

बावीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई 'माहीत नाही' म्हणू शकत नाही. एकदा म्हणाली की मागच्या बाकावरून हसू येतं, आणि ते मग वर्षभर येत राहतं.

२० जानेवारी

उडालं! घरामागच्या मोकळ्या मैदानात कमरेएवढ्या उंचीवर दोन मिनिटं तरंगलं. हे टाळ्या वाजवत होते. जाऊ टाळ्या न वाजवता खाली वाकून बघत होती. उतरवल्यावर तिने एकेका मोटरीला बोट लावलं.

"मागच्या दोन तापल्यात. पुढच्या गार आहेत."

"स्वस्त माल."

"चारही एकाच खोक्यातल्या आहेत ना?"

काही माणसांना आनंदात मीठ टाकल्याशिवाय चैन पडत नाही.

२७ जानेवारी

थ्रॉटल सावकाश दिला तर शहाण्यासारखं वागतं. झटक्यात दिला की घोड्यासारखं नाक उधळतं. तीनदा झालं. मी म्हटलं वारा आहे. हे म्हणाले, "अगं, वाळत घातलेली चादर हलत नाहीये."

म्हटलं, "वरचा वारा वेगळा असतो."

"ते माझ्या छातीएवढ्या उंचीवर होतं."

जमाखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाशी वाऱ्याची चर्चा कोण करणार.

सावकाश द्यायचा, बस. सवयीचा प्रश्न आहे. मुकादमाला पंधरा फेब्रुवारीला दाखवायचं कबूल केलं आहे.

३ फेब्रुवारी



आज रंगीत तालीम होती. जाऊ शिडीच्या घोडीवर उभी राहिली, वायरमनच्या जागी. मी ड्रोन तिच्यासमोर नेला. चोच तिच्याकडे, हातभर अंतरावर. तिने चोचीवरून दोरी काढली, छान, अगदी हळुवार. मग म्हणाली, "घ्या वर."

मी थ्रॉटल दिला. दोरी सुटली होती, वजन कमी झालं होतं, थोडा जास्तच गेला. नाक उधळलं. मी घाबरून थ्रॉटल एकदम खाली ओढला. आणि ते नाक जेवढं वर गेलं होतं त्याच्या दुप्पट खाली आलं आणि पुढे झेपावलं. तिच्या अंगावर.

तिने तोंडासमोर उजवा हात धरला.

पाती थांबल्यावर ती घोडीवरून स्वतः उतरली. एक एक पायरी. खाली येऊन म्हणाली, "भाऊजींना गाडी काढायला सांगा." आणि मग बसली.

४ फेब्रुवारी

शस्त्रक्रिया झाली. तर्जनी आणि मधलं बोट. बोट वाकवणारी जी दोरी असते आत, कंडरा, ती दोन्ही बोटांत तुटली होती. जोडली आहे. सहा आठवडे पट्टी, पुढे व्यायाम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय काम करतात या?" मी म्हटलं, "हाताचं." मूर्खासारखं उत्तर. सगळ्यांचंच काम हाताचं असतं.

जाऊ गुंगीत होती. मला बघून म्हणाली, "चोच तुटली का?"

चोच! माणसाने शुद्धीत येऊन विचारायचं ते हे.

५ फेब्रुवारी

मुकादमाच्या कार्यालयाने अपघाताचा अहवाल मागितला. छापील अर्ज आहे. 'कारण' या शब्दापुढे दोन ओळी. मी लिहिलं: 'चौकटीतील असमानतेमुळे यंत्राचा तोल गेला.' यात खोटं काय आहे? चौकट असमान आहे, हे तिनेच सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी.

सही केली आणि पाठवून दिलं. हे शेजारी उभे राहून वाचत होते. म्हणाले, "पाठवायच्या आधी तिला दाखवायचं होतं."

"ती पट्टीत आहे."

"डोळ्यांना पट्टी नाहीये तिच्या."

ह्यांना अलीकडे बोलायला येऊ लागलंय.

९ फेब्रुवारी

मुकादमाचं उत्तर आलं. चौकट दुसऱ्या कारागिराकडून करून घ्या, आधीच्या कारागिराचं काम आमच्या माणसांजवळ चालणार नाही. शिवाय अहवालाची एक प्रत त्यांनी 'संबंधित कारागीर' म्हणून जाऊलाच पाठवली. कार्यालयं आळशी असतात म्हणतात. नको तिथे मात्र काय तत्परता!

ती खाली आली. उजवा हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हातात कागद. मी आपली मल्टिमीटरमध्ये डोकं घालून.

"माझ्यावर लिहिलंत."

"तुझ्यावर नाही, चौकटीवर."

"चौकट कुणी केली?"

मी म्हटलं, "नाव कुणाचंच लिहिलेलं नाही त्यात."

मला वाटलं आता रडणार, मी पाण्याचा पेलाही बघून ठेवला. पण ती म्हणाली, "एकोणीस वर्षांत मी तीनशेच्या वर पाय केले. एकही माणूस माझ्या पायामुळे पडला नाही. आता जाऊन कुणाला सांगू?" आणि वर निघून गेली. जिन्यात तिचा श्वास ऐकू येत होता.

मला भूक नाही. सर्दी झाली असावी.

११ फेब्रुवारी

जाऊबाईंनी नवीन उद्योग काढला आहे. दिवसभर खालच्या खोलीत संगणकासमोर बसून ड्रोन उडवायचा खेळ खेळतात. रिमोट मांडीवर, पट्टीतला हात नुसता टेकलेला, आणि दोन्ही अंगठे काठ्यांवर. अंगठे शाबूत आहेत ना. पडद्यावरचा ड्रोन झाडाला आपटतो, परत उडतो, परत आपटतो.

पडद्यावर कुणीही उडवेल. पडद्यावर कुणाची बोटं कापत नाहीत.

माझ्याशी एक अक्षर बोलत नाही. बरंच आहे, शांतता मिळते. तरी एकाच खोलीत दोन माणसं बसून फक्त आपटण्याचा आवाज ऐकायचा, हे जरा अतीच होतं.

१५ फेब्रुवारी

आज मुकादमाला दाखवायचा दिवस होता. दाखवायला काही नाही.

सकाळी हे चहाच्या कपाशेजारी एक नखाएवढं कार्ड ठेवून कामावर गेले. कंट्रोलरमधलं. उड्डाणाची सगळी नोंद त्यात असते: कुठल्या क्षणी कुठली मोटर किती जोराने फिरत होती. अपघाताला बारा दिवस झाले. बारा दिवस मला ते कार्ड कुठे आहे हे ठाऊक होतं. खरं लिहायचं तर बारा दिवस मी त्या टेबलाच्या त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसत होते.

कार्ड लावलं. चार रेघा उमटल्या. शांत तरंगताना पुढच्या दोन मोटरी साठ टक्के जोरावर, मागच्या दोन जवळजवळ ऐंशी टक्क्यांवर. वारा नव्हता. स्वस्त माल नव्हता. तयार तक्ता चौघींना 'सारखा वाटा उचला' म्हणत होता. पुढच्या मोटरी तोलापासून लांब, म्हणजे त्यांच्या तेवढ्याच जोराने नाक जास्त उचललं जाणार. लांब पान्याने नट सहज फिरतो, ते शाळेतलं. मग जायरो बिचारा क्षणोक्षणी मागच्यांना हाणून हाणून नाक खाली दाबत होता. मी थ्रॉटल झटक्यात दिला, मागच्यांकडे आणखी द्यायला काही उरलंच नाही, नाक उधळलं. मी थ्रॉटल तोडला. नाक उचलणारा जोर गेला, पण जायरोने साठवलेलं ते दाबणं तसंच राहिलं. म्हणून ते पुढे झेपावलं.

मी शिकवत असते आणि हे एखाद्या पोराने केलं असतं, तर त्याला वर्गाबाहेर काढलं असतं, आणि वर काय बोलले असते ते मला पाठ आहे. 'कळत नाही तर विचारायला काय जीभ झडते?' हे माझं ठेवणीतलं वाक्य. बावीस वर्षांत किती जणांना ऐकवलं, त्याची गणती नाही.

१६ फेब्रुवारी

ते पान चौथ्यांदा वाचलं. या वेळी पेन्सिल घेऊन. दीड तास लागला. दीड तास! दोन कंडरा आणि एक माणूस, दीड तासासाठी.

जाऊचा कागद डबीखालीच होता, पण त्यावरून आकडे उचलायची लाज वाटली. म्हणून गज घेतला, चौकट स्वतः तोलली, स्वतः मोजलं. छत्तीस आणि सत्तावीस. तिच्यापेक्षा वेगळं काही निघावं असं मला वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

सत्तावीस भागिले छत्तीस, पाऊण. थ्रॉटलच्या रकान्यात पुढच्यांना पाऊण, मागच्यांना पूर्ण. पिच आणि रोलच्या रकान्यांतही हातांच्या लांबी-रुंदीप्रमाणे आकडे बदलले. सोळा आकडे. एका पोस्टकार्डावर मावतील.

ती पडद्यावर उडवत होती. मी पाठमोऱ्या तिला म्हटलं, "तक्ता चुकला होता."

आपटण्याचा आवाज थांबला.

"कुणाचा?"

"माझा. मी भरलाच नव्हता. तयार घेतला होता."

ती वळली नाही. म्हणाली, "मला वाटलं होतं." आणि मग, "चौदा जानेवारीपासून वाटत होतं. मीही गप्प बसले ना, घोडीवर चढले. तुम्ही एवढ्या शिकलेल्या."

त्या 'शिकलेल्या'त टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

१९ फेब्रुवारी

आधी पाती काढून. मोटरी चालू ठेवून चौकट हातात धरली आणि नाक खाली केलं: पुढच्या मोटरींचा आवाज चढला. डावीकडे कलवली: डाव्यांचा चढला. बरोबर. जाऊ समोर बसून कान देत होती, मी ओळ वाचायची आणि तिने मोटरीकडे बोट करायचं, डाव्या हाताने. चार मोटरी, प्रत्येक दोनदा. एकदा मी 'झालं' म्हटलं तर म्हणाली, "तिसरी राहिली." राहिली होती.

मग पाती लावून, चारही हात दोऱ्यांनी लोखंडी बाकाला बांधून. मग मोकळं. आम्ही दोघी गाडीच्या आड उभ्या, मैदानात चिटपाखरू नाही. थ्रॉटल झटक्यात दिला, झटक्यात तोडला, वीस वेळा. नाक हललं नाही. पाळण्यासारखं सरळ वर, सरळ खाली. चारही मोटरी कोमट.

हे म्हणाले, "वारा पडला वाटतं."

या माणसाला मी इतकी वर्षं बावळट कशी समजत होते, कळत नाही. हा तर चांगलाच खोचक आहे.

२१ फेब्रुवारी

मुकादमाकडे स्वतः गेले. कार्यालय म्हणजे पत्र्याची खोली, भिंतीला शिरस्त्राणं टांगलेली, टेबलावर नट-बोल्टांची ताटली. दुसरा अहवाल पुढे केला. 'कारण: मिक्सरमधील आकडे चौकटीप्रमाणे भरले नव्हते. ते भरण्याची जबाबदारी माझी होती. चौकटीत दोष नाही.' खाली सही.

त्याने दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"म्हणजे पहिला कागद खोटा?"

"हो."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"माहीत करून घ्यायचं नव्हतं."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी आयुष्यभर लोकांकडे बघत आले. दुसऱ्या टोकाला उभं राहिल्यावर कसं वाटतं ते समजलं. हात कुठे ठेवावेत तेच सुचत नाही.

"बाई," तो म्हणाला, "माझी माणसं शंभर फुटांवर फळीवर उभी असतात. खाली कोण काय लिहितंय यावर ती उभी असतात. कारागीरबाईंना मी पत्र पाठवतो, आधीचं, त्यांचं काम बंद करणारं पत्र मागे घेतो. पण तुमच्या यंत्रासमोर माझा माणूस उभा राहणार नाही. तुमचा कुणी उभा करा. मग बघू."

२३ फेब्रुवारी

घरात सभा भरली. तिघांची.

"मी उभा राहतो," हे म्हणाले. ह्यांना घोडीवर बल्ब बदलताना घेरी येते.

जाऊ म्हणाली, "मी राहणार नाही. आधीच सांगते. तुम्ही उडवत असताना त्याच्यासमोर मी परत उभी राहणार नाही. आकडे बरोबर आहेत, मला माहीत आहे. तरी नाही."

"तुला कोण म्हणतंय," मी म्हटलं. "मी राहीन."

"मग उडवणार कोण?" हे.

जाऊने पट्टीतला हात टेबलावर ठेवला आणि दोन्ही अंगठे हलवून दाखवले.

"पडद्यावर उडवणं वेगळं," मी म्हटलं. सवय, दुसरं काय.

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच परवापासून मैदानात उडवतेय. तुम्ही मुकादमाकडे गेलात तेव्हापासून, तुमची पाठ वळली की भाऊजी आणि मी जातो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे.

२७ फेब्रुवारी

आज.

मनोऱ्यावर चढायला पाऊण तास लागला. पट्टे, साखळ्या, मागून एक वायरमन, "बाई, खाली बघू नका." बघितलं. गाडी काडेपेटीएवढी, माणसं मुंग्यांएवढी, त्यातली एक मुंगी पांढरा हात गळ्यात अडकवलेली. फळीवर मला साखळीने अडकवून वायरमन सहा हात खाली उतरून थांबला. मुकादमाचा हुकूमच तसा.

मग भुणभुण ऐकू आली. नदीवरून येत होतं. आधी माशी, मग चिमणी, मग ते लांब हातांचं, आखूड हातांचं, चोच माझ्या छातीकडे रोखलेलं. पात्यांचा वारा तोंडावर. मी भरलेले सोळा आकडे, तिने केलेले चार हात, आणि खाली, मला न दिसणारे, तिचे दोन अंगठे. तिला सूड घ्यायचा असता तर अर्ध्या बोटाचं काम होतं. हा विचार मनात आला, आणि तो तिच्या मनात आला नसेल हेही त्याच क्षणी कळलं. असले विचार मलाच येतात.

मान अशी आकसली होती की दुखायला लागली. हात पुढे करता येईना. ते समोर थांबून होतं, वाट बघत. कानातल्या यंत्रात तिचा आवाज आला, "वहिनी, सावकाश. मला घाई नाही."

दोरी काढली. गाठ मारायला तीन प्रयत्न लागले. मग मी म्हटलं, "घे वर."

तिने झटक्यात घेतलं. मुद्दाम, मला माहीत आहे मुद्दाम. ते सरळ वर गेलं, नाकही हललं नाही, आणि मी डोळे मिटून गजाला मिठी मारून उभी होते.

खाली आले तेव्हा मुकादम दोरी हाताने ओढून बघत होता. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात सात मनोरे आहेत." मी त्याच्या पुढून निघून जाऊबाईंजवळ गेले. रिमोट तिच्या गळ्यात, कपाळावर घाम.

म्हटलं, "माफ कर."

रिमोट काढून माझ्या हातात दिला तिने. "वर असतानाच, कानातलं यंत्र बंद करून म्हणायचं होतंत, वहिनी. तिथे वारा होता. मला ऐकू आलं नसतं, तुमचं म्हणून झालं असतं. दोघींची सोय झाली असती."

हे हसले. मी हसले नाही, पण गाल दुखले.

२३ मार्च

पट्टी निघाली. डॉक्टरीणबाईंनी बोटं वाकवून बघितली. तर्जनी येईल म्हणाल्या, हळूहळू. मधलं बोट अर्ध्यावरच थांबेल. पुढे येणार नाही.

जाऊने विचारलं, "कात्री धरता येईल?"

"वेगळ्या तऱ्हेने धरावी लागेल."

"बरं."

एवढंच बोलणं झालं. परत येताना गाडीत हे पुढे, आम्ही दोघी मागे. ती खिडकीतून बघत मधलं बोट दाबत होती, अर्ध्यावर यायचं, थांबायचं, पुन्हा दाबायची. सात आठवड्यांत मी तिला एक गोष्ट विचारली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. मोटरींची उष्णता विचारली, बॅटऱ्यांचं वजन विचारलं.

"दुखतं का फार?"

तिने बोट दाबणं थांबवलं.

"रोज," ती म्हणाली. "सकाळी जास्त." आणि मग, माझ्याकडे न बघता, "विचारलंत ते बरं केलंत. पण रोज विचारू नका."

उद्या विचारणार नाही. परवाचं सांगता येत नाही.